नोएलसाठी आलेला शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पास्टरांना नाही. ज्याच्यापासून काहीच लपत नाही म्हणतात त्याच्यापुढेसुद्धा हे मी कधी तोंडाने उच्चारलेलं नाही. गुडघ्यावर बसते, डोळे मिटते, आणि चिडचिड, आळस, आईला उलटून बोलणं असला किरकोळ माल पुढे करून उठते. मोठा माल मागे. हे मला छान जमतं.

तुम्हाला सांगतेय म्हणजे तुम्ही कुणी खास आहात असं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या लालबागच्या नाक्यावर समोरून आलात तरी मला कळणार नाही — एवढंच कारण. आणि एक आधीच सांगून ठेवते. मधेच मान हलवून "अगं, होतं असं माणसाकडून" म्हणायचं नाही. असं होत नाही. मी केलं.

मी शलोमी. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी करते. दिवसभर म्हाताऱ्या बायकांचे ऑपरेशन झालेले गुडघे वाकवायचे आणि त्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. मालवणी शिव्या मला तिथेच पाठ झाल्या. आजोबा नगरकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी गेली, चाळ गेली, आता त्याच जागी उभ्या केलेल्या उंच इमारतीत आम्ही राहतो. शेजारी मालवणी, वरती बौद्ध कुटुंब, आणि मजल्यावर ख्रिस्ती म्हणून आम्ही एकटे. नाताळात सगळ्यांकडे करंज्या पाठवायच्या, गणपतीत सगळ्यांकडून मोदक यायचे. त्या बाबतीत आमचं काही बिनसलेलं नाही.

चर्च म्हटल्यावर घंटा, कमानी, रंगीत काचा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. तसलं चर्च गिरगावात आहे, आई अजून तिथेच जाते. मी कॉलेजात असताना ते सोडलं, कारण तिथे सगळं ठरलेलं. ठरलेल्या प्रार्थना, ठरलेली गीतं, शेवटी ठरलेला चहा. आमची मंडळी भरते लालबागला, मसाल्याच्या दुकानांवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये. खाली मिरची कुटतात. उन्हाळ्यात, लोकांचे वर्षभराचे मसाले करायचे दिवस आले, की आख्खी मंडळी खोकत खोकत स्तुती करते. नवीन आलेल्याला वाटतं, केवढी रडताहेत ही माणसं. अर्धी खरंच रडत असतात, ती गोष्ट वेगळी.

आता आमची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे प्रार्थना रंगात आली की कुणाला तरी "शब्द येतो". म्हणजे प्रभू त्याच्या मनात काहीतरी घालतो आणि त्याने ते उभं राहून बोलायचं. इथे कुणा बहिणीची कंबर दुखतेय. इथे कुणाच्या घरात भावाभावांचं बोलणं बंद आहे. नाव घ्यायचं नाही. ज्याचं असेल तो पुढे येतो आणि बाकीचे डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. तुम्ही हसताय. हसा. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतींच्या भागात कंबर कुणाची दुखत नाही, हे मलाही कळतं. पण कधी कधी इतका नेमका शब्द यायचा की अंगावर काटा यायचा. माझा त्यावर विश्वास होता — आजही आहे. देव बोलतो हे मला खोटं वाटत नाही. म्हणूनच तर मी केलं ते जास्त घाण आहे.

मला कधी शब्द आला नाही. एकदाही नाही. खुर्च्या मी लावायच्या, लहान मुलांचा वर्ग मी घ्यायचा, वरळी कोळीवाड्यातल्या घरगुती प्रार्थनेला चपला हातात घेऊन ओल्या गल्ल्यांतून मी जायचं, आजारी म्हातारीला मंडळीतून डबा जायचा तो मी न्यायचा. आणि शब्द यायचा कालपरवा आलेल्या कुणाला तरी. आई म्हणायची, "देव काय एवढा रिकामा बसलाय का गं, तुमच्या ग्रुपमध्ये निरोप देत फिरायला?" मी तिच्यावर खेकसायचे. पण मनात म्हणायचे, रिकामा नसेल, पण मलाच बरा वगळतो.

मग नोएल आला.

नोएल माझ्यापेक्षा थोडा लहान. शिवडीला एका गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे तो आणि त्याची आई राहायची, दोघंच. त्याच्या आईला आम्ही शांतामावशी म्हणतो. पोरगा दिसायला काही नाही, हाडकुळा, कानावर कायम पेन्सिल अडकवलेली. पण गायला लागला की खोकणारी माणसं गप्प व्हायची. खरं सांगते, खालचं मिरचीचं यंत्र ऐकू यायचं बंद व्हायचं. गिटार तो मोबाइलवर बघून बघून शिकलेला. काही महिन्यांतच त्याच्याकडे गीतांचं पुढारपण आलं. कुणी दिलं नाही, आलं. मी किती वर्षं त्या माइकपाशी उभी होते, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

राग कशाचा आला ते सांगायला मला लाज वाटते — नाही, लाज नाही, चीड येते. कारण गोष्ट इतकी बारकी आहे. एकदा तालमीत त्याने गिटार थांबवली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "ताई, तू जरा मागच्या माइकवर उभी राहशील? सूर वर जातोय ना, मग बाकीच्यांचा पण जातो." एवढंच. नीट बोलला, हसून बोलला. आणि खरंच जात होता माझा सूर वर. मी "हो रे, त्यात काय" म्हणून मागे गेले. मागचा माइक म्हणजे काय, ठाऊक आहे? तो बंदच असतो. दिसायला हवा म्हणून ठेवलेला. मी वर्षभर त्या मेलेल्या माइकमध्ये देवाची स्तुती गायले आणि तोंडावर हसू ठेवलं. आतून माझा तिळपापड होत होता.

एवढ्यावरून कुणी माणसाचं आयुष्य उधळतं का? मला विचारू नका. मी तेच तर सांगतेय.

आमच्या हॉस्पिटलात फिजिओचा विभाग आणि डोक्याच्या आजारांची ओपीडी एकाच पॅसेजमध्ये आहेत. एका दुपारी मी एका आजींना वॉकर धरून चालवत होते. आजी म्हणत होत्या, "मेल्या बाकड्यापर्यंत नेशील तर बरी." मी समोर पाहिलं तर बाकड्यावर नोएल. कानावर पेन्सिल नव्हती म्हणून आधी ओळखलाच नाही. मांडीवर कापडी पिशवी, शेजारी शांतामावशी पदराने तोंड पुसत बसलेली. मी आजींना तिथल्या तिथे वळवलं. आजी करवादल्या. नोएलने वर पाहिलं नाही.

नंतर मी पॅसेजच्या टोकाला खांबाआड उभी राहिले. मुद्दाम. त्याचा नंबर लागला, तो आत गेला, बाहेर आला, खिडकीतून त्याने गोळ्या घेतल्या. ज्या सराईतपणे त्याने घेतल्या त्यावरून कळलं, पहिल्यांदा आलेला नाही. गोळ्या पिशवीच्या तळाशी घालून वर त्याने कोथिंबिरीची जुडी ठेवली. ती कोथिंबीर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा मला काय वाटलं? कणव वाटली असं लिहिता आलं असतं. तुम्हाला काय कळणार होतं? पण नाही. मला बरं वाटलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, गळ्यात ओळखपत्र घालून, रोगी दिसला म्हणून मला बरं वाटलं. मनात आलं — मला मागे उभं करतोस काय.

बाहेर बोलायची सोय नव्हती. हॉस्पिटलात कोण आलं, कशासाठी आलं, हे बाहेर काढायचं नसतं. पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. शिवाय आमच्या मंडळीत ताप आला तर क्रोसिन चालते, साखर वाढली तर इन्सुलिन चालतं, पण डोक्याच्या गोळ्या म्हटल्या की लोकांचे चेहरे बदलतात. असं कुणी व्यासपीठावरून शिकवलेलं नाही. पास्टर तर म्हणायचे, डॉक्टरही देवानेच दिलेत. पण लोकांना जे कळायचं ते कळतं. विश्वास कमी पडला असणार. घरात काहीतरी असणार. नोएल ते लपवत होता याचं कारण हेच, आणि मला ते पुरतं कळत होतं. त्या वेळी मी गप्प बसले. ते चांगुलपणाने नाही.

मी थांबले होते.

एका शनिवारी उपवास-प्रार्थना होती. सकाळपासून पोटात अन्न नाही, खाली मिरची चालू, सगळ्यांचे डोळे लाल. नोएल गात होता. गाणं हळू करत करत त्याने नुसती तार छेडत ठेवली, आणि ती शांतता आली — जिच्यात कुणीतरी उठतं. मी मागच्या माइकपाशी होते. मी चालत पुढे आले आणि पुढचा माइक हातात घेतला. नोएल बाजूला सरकला. त्याने मला जागा दिली.

मी म्हणाले, "इथे कुणीतरी तरुण आहे. तो रोज गोळी घेतो आणि लपवतो. पिशवीच्या तळाशी लपवतो. प्रभू म्हणतो, मला सगळं दिसतं. लपवू नकोस. मी तुला मोकळं करतो."

आवाज छान लागला होता माझा. सूर कुठेच वर गेला नाही.

मला काय हवं होतं? तेही सांगते. त्याने सगळ्यांसमोर खाली मान घालावी, एवढंच हवं होतं. लोकांनी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं. "मोकळं करतो" हे मी सवयीने जोडलं, कारण आमच्याकडे शब्दाचा शेवट असाच होतो. पण नोएलने मान खाली घातली नाही. त्याने गिटार खाली ठेवली, गुडघ्यावर आला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडत रडत म्हणाला, "आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कुणालाच नाही. देवा, तू माझ्याशी बोललास." आणि मग मोठ्याने म्हणाला, आजपासून मी एकही गोळी घेणार नाही.

सगळे म्हणाले, आमेन.

मीही म्हणाले. माइक माझ्याच हातात होता, म्हणून माझं आमेन सगळ्यांत मोठं ऐकू गेलं.

मी गुडघ्यांची असेन, पण एवढं मला माहीत होतं की असल्या गोळ्या एकाएकी सोडत नाहीत. डॉक्टर कमी करतो, हळूहळू, तेही करायच्या असल्या तर. जमलेल्यांत हे माहीत असलेली मी एकटी होते. शांतामावशी दाराशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. मग आजूबाजूच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या आणि तीही रडायला लागली.

तुम्हाला वाटत असेल, हाच कबुलीजबाब. संपला. नाही हो. इथवरचं मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. माणूस जळतो, तोंडातून निघून जातं, वगैरे. इथवर मला स्वतःला सांभाळून घेता येतं. पुढचं येत नाही.

दुसऱ्या दिवशी पास्टरांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस. पोर्टात नोकरी करून मंडळी चालवतात, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "शलोमी, बाळ, मी त्याला म्हटलं की आधी डॉक्टरांना विचार. तो म्हणतो, देवच बोललाय, आता डॉक्टर कशाला. तू मला खरं सांग. हे तुला कुणाकडून कळलं होतं, की प्रभूकडूनच आलं?" सरळ विचारलं हो त्यांनी. यापेक्षा सरळ माणूस कसं विचारणार? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "प्रभूकडूनच, पास्टर." त्यांनी मान हलवली. देवाचं नाव घेतल्यावर त्यांच्यासारखा माणूस पुढे काय बोलणार? ते मला माहीत होतं, म्हणूनच घेतलं.

त्याच रविवारी मला पुढचा माइक मिळाला. लोक माझ्याकडे येऊ लागले. ताई, आमच्या मुलीसाठी बघा ना प्रार्थनेत. ताई, दादरला आमच्या घरी या ना. बायका माझा हात धरून ठेवायच्या. खोटं सांगत नाही, मला फार गोड वाटायचं ते.

आणि मग नोएल हॉस्पिटलात आला.

ओपीडीत नाही. माझ्याकडे आला. जेवायची सुट्टी होती, मी पॅसेजमध्ये त्याच बाकड्यावर डबा उघडून बसले होते. तो समोर उभा राहिला. डोळे खोल गेलेले, हाताची बोटं थरथरत होती. बस म्हटलं तर बसेना. म्हणाला, "ताई, मला झोप लागत नाहीये. डोकं थांबतच नाही ना. आई म्हणते परत चालू कर. मला वाटतं, करू का? पण मग वाटतं, देव बोललाय, आणि मी घाबरलो तर?" मग म्हणाला, "ताई, तो शब्द नक्की होता ना?"

ओपीडीचं दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं. डॉक्टर आत होते, मी त्यांना रोज नमस्कार करते. मी उठून, त्याचा दंड धरून, त्याला आत नेऊ शकत होते. किंवा नुसतं म्हणायचं — नोएल, मी तुला इथे पाहिलं होतं रे. एवढंच. एका वाक्याचं काम होतं. तो चिडला असता, मंडळी हादरली असती, मला हाकलून दिलं असतं. आणि तो त्या रात्री झोपला असता.

माझ्या तोंडात पोळीचा घास होता. मी तो नीट चावला, गिळला. आणि म्हणाले, "विश्वास ठेव."

बस. हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो "हो ताई" म्हणाला. थँक्यू म्हणाला. गेला. मी उरलेली भाजी खाल्ली, डबा धुतला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर त्याने गोडाऊनमध्ये जाणं बंद केलं. रस्त्यात लोकांना थांबवून त्यांना देवाचे निरोप सांगायला लागला. शांतामावशी त्याच्यामागे धावायची. पास्टरांनी दोनदा टॅक्सी आणली, तो बसला नाही. म्हणाला, देवाने मला मोकळं केलंय, तुम्ही मला बांधायला आलात. मग एक दिवस ओहोटीला तो शिवडीच्या खाजणात उतरला. चिखलात चालत चालत कमरेपर्यंत रुतला आणि तसाच, दोन्ही हात वर करून, गात उभा राहिला. धक्क्यावरच्या कामगारांनी दोर टाकला. त्याने दोर धरला नाही. शेवटी दोघं फळ्या टाकत आत गेले आणि त्याला ओढून काढला. पाणी चढायच्या आत काढला. ते कोण होते मला माहीत नाही, त्यांनी त्याला शिव्या घातल्या म्हणे. खरं तर मी जाऊन त्यांना हार घालायला हवा होता. पण मी गेलेच नाही तिकडे.

दाखल केला. बराच काळ आत होता. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा जड. डॉक्टरांनी शांतामावशीला सांगितलं की आधी व्यवस्थित चाललं होतं, मधेच सोडल्यामुळे एवढं उलटलं. हे मला तिनेच सांगितलं, माझ्याच विभागाबाहेर उभं राहून. आणि वर मलाच म्हणाली, "तुझा काय दोष गं, शब्द तर खराच होता. माझ्या पोराला पेलला नाही." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मंडळीतही तेच ठरलं. शब्द खरा, विश्वास कमी. किती सोयीचं आहे बघा — खोटं बोललेली मी, आणि कमी पडला तो. कुणी असं म्हणालं की मी खाली बघायचे, आणि लोकांना वाटायचं, केवढी नम्र पोरगी. तरुणांचं काम आता माझ्याकडेच आहे. मला शब्द येत नाहीत. आले नाहीत, येणार नाहीत. मी कंबर आणि भाऊबंदकीवर भागवते.

खूप वर्षं मी स्वतःला एक सांगत आले. खरं सांगितलं तर त्याचा देव जाईल. त्याच्याकडे आता दुसरं आहे काय? गिटार गेली, बोटं थरथरतात. आवाज जाड झाला. आयुष्यात एकदा देव आपल्याशी बोलला, एवढंच त्याच्यापाशी उरलंय. ते मी कशी काढून घेऊ? ऐकायला किती मायेचं वाटतं ना? मीसुद्धा फसायचे. पण माया असती तर बाकड्यावरच आली असती. मला माझा माइक सोडायचा नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

नोएल दर रविवारी येतो. मागे बसतो, जिथे तो बंद माइक असायचा तिथे. उपासना संपली की खुर्च्या आवरतो, सावकाश, एकावर एक. मग माझ्यापाशी येतो आणि डोकं पुढे करतो. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी म्हणून. मी ठेवते. त्याचे केस मधे विरळ झालेत. मी देवाचं नाव घेते, त्याच्या आईचं नाव घेते, आमेन म्हणते.

मग तो दर वेळी विचारतो. या रविवारीही विचारलं. खाली मिरची चालू होती, शांतामावशी दाराशी त्याची पिशवी धरून उभी होती.

"ताई, माझ्यासाठी परत काही शब्द आला का?"

मी म्हणाले, "नाही रे, आज नाही."

तो म्हणाला, "बरं, पुढच्या रविवारी विचारतो," आणि राहिलेल्या खुर्च्या उचलायला गेला.